परदेशी पाहुणा सोनेगावला उतरतोय: विमानतळापासून बर्डीपर्यंतचा रस्ता त्याच्या हाती कसा द्यायचा

पाहुणा येणार म्हटलं की आपण घ्यायला जातो. नागपुरात तर विमानतळ घरापासून फार लांब नसतोच, त्यामुळे न जाणं म्हणजे जवळजवळ अपमान. पण दर वेळी जमत नाही. विमान पहाटे उतरतं, घरात आजारी माणूस असतो, कधी आपणच त्या दिवशी पुण्याला असतो आणि मुलीची जर्मनीतली मैत्रीण नागपुरात येऊन थडकते. अशा वेळी पाहुण्याला 'टॅक्सी करून ये' एवढंच सांगून आपण मोकळे होतो, आणि तिथेच चूक होते. शारजा किंवा दोहाहून आलेल्या माणसाला हजारो किलोमीटर काही त्रास होत नाही. त्रास होतो तो शेवटच्या आठ किलोमीटरना, सोनेगाव विमानतळ ते सीताबर्डी. आमच्याकडे गेल्या काही वर्षांत बरेच परदेशी पाहुणे येऊन गेले. कुणी दीक्षाभूमीसाठी, कुणी ताडोब्यासाठी, कुणी नुसतेच भेटायला. त्यांच्या अडचणी पाहून जे शिकलो ते क्रमाने लिहितो. तुम्ही वाचा, आणि त्यातलं पाहुण्याच्या कामाचं त्याच्या भाषेत त्याला कळवा.

आधी ठरवा, 'सेंटर' म्हणजे कुठे

परदेशी माणूस पहिला प्रश्न विचारतो, शहराचं केंद्र कुठे? त्याच्या गावात एक जुना चौक असतो, एक मोठं रेल्वे स्टेशन असतं आणि दोन्ही शेजारी शेजारी असतात. आपल्याकडे तसं नाही. जुनं शहर म्हणजे महाल आणि इतवारी. कार्यालयं, विधानभवन, झिरो माइल हे सिव्हिल लाइन्सच्या बाजूला. बाजारहाट, दुकानं, मेट्रोचा मुख्य सांधा हे सगळं सीताबर्डीला. म्हणून कुणी 'सेंटर' म्हटलं तर त्याला सीताबर्डी सांगा.

पण एवढ्यावर थांबू नका. मेट्रोच्या फलकावर मराठीत सीताबर्डी असतं, रोमन लिपीत त्याच नावात 'ल' आणि 'ड' येतो, म्हणजे पाहुणा ते 'सीताबुल्डी' असं वाचतो, आणि ऑटोवाला म्हणतो नुसतं 'बर्डी'. एकाच जागेची ही तीन रूपं पाहुण्याला आधी माहीत असली पाहिजेत. एका पाहुणीला ऑटोवाला तीनदा 'बर्डी, बर्डी' म्हणाला आणि तिने तीनदा मान हलवून नकार दिला, कारण तिला सीताबुल्डीला जायचं होतं.

दुसरा सापळा सेंट्रल अव्हेन्यूचा. नकाशात नाव दिसलं की परदेशी माणसाला वाटतं, मध्यवर्ती रस्ता सापडला, हॉटेल इथेच घ्यावं. तो रस्ता रेल्वे स्टेशनच्या पलीकडे पूर्वेला जातो. तिथे राहण्यात वाईट काही नाही, हॉटेलं भरपूर आहेत, पण तुमचं घर प्रतापनगर किंवा त्रिमूर्तीनगरला असेल तर त्याला रोज अख्खं शहर ओलांडावं लागेल. हॉटेल त्याने बुक करण्याआधी एकदा तुमच्याकडून पत्ता तपासून घ्यायला सांगा.

निघण्याआधीची कागदपत्रं

नागपूरला परदेशी माणूस दोन वाटांनी येतो. एक, आखातातून थेट. दोन, मुंबई किंवा दिल्लीला उतरून तिथून देशांतर्गत विमानाने. बहुतेक जण दुसऱ्या वाटेने येतात. या वाटेने आला तर पासपोर्टवरचा शिक्का मुंबई-दिल्लीलाच बसतो आणि नागपुरात तो आपल्यासारखाच बॅग घेऊन सरळ बाहेर येतो. फक्त एक गोष्ट त्याला ठासून सांगा. तिकीट थेट नागपूरपर्यंतचं असलं तरी भारतात पहिल्यांदा उतरतो तिथे बॅग ताब्यात घेऊन कस्टम्समधून जावं लागतं आणि मग ती पुढच्या विमानासाठी पुन्हा द्यावी लागते. हे माहीत नसलं की माणूस नागपूरच्या पट्ट्यापाशी उभा राहतो आणि बॅग मुंबईत फिरत असते. दोन विमानांच्या मध्ये तीन तासांहून कमी वेळ ठेवू नये, हे माझं मत.

थेट आला तर ई-व्हिसा नागपूरलाही चालतो, तो चालणाऱ्या विमानतळांच्या यादीत आपलं नाव आहे. अर्ज फक्त सरकारी संकेतस्थळावरच करायला सांगा, ज्याच्या पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' असतं. हुबेहूब तशाच दिसणाऱ्या खासगी साइट्स बऱ्याच आहेत आणि त्या मनाला येईल ते पैसे घेतात.

१ ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी नागरिकांसाठी ऑनलाइन ई-अरायव्हल कार्ड सुरू झालं आहे. उतरण्याआधीच्या ७२ तासांत ते भरायचं असतं. त्यात भारतातला पत्ता विचारतात, आणि इथे यजमानाचं काम सुरू होतं. 'नागपूर, सचिनच्या घरी' असं कुणी भरू शकत नाही. घर क्रमांक, ले-आउट, जवळचा चौक, पिन कोड आणि तुमचा मोबाइल नंबर, हे सगळं आठवडाभर आधी पाठवून द्या.

एक धोक्याची सूचना, विशेषतः जंगलात जाणाऱ्यांसाठी. परदेशातले भटके लोक डोंगरात-रानात सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहाशी जोडलेलं छोटं संपर्कयंत्र सहज खिशात ठेवतात. आपल्याकडे परवानगीशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे आणि विमानतळावर त्यावरून लोक अडकलेले आहेत. ई-सिगारेटवरही २०१९ पासून बंदी आहे. दोन्ही घरी ठेवून यायला सांगा.

खिशातली चिठ्ठी

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट हीच आहे. फोनची बॅटरी संपते, नेट जात-येत राहतं, नकाशा गल्लीच्या मागच्या बाजूला नेऊन उभा करतो. कागद चालतो.

अर्ध्या पानावर मोठ्या अक्षरात देवनागरीत पत्ता लिहा, त्याच्या खाली तोच रोमन लिपीत. त्याचा फोटो पाहुण्याला पाठवा आणि छापून सोबत ठेवायला सांगा. पत्ता पोस्टाचा नको, चौकाचा हवा. नागपूर हे चौकांचं शहर आहे. प्लॉट नंबर ऐकून कुणाच्याही डोक्यात प्रकाश पडत नाही, पण शंकरनगर चौक, लॉ कॉलेज चौक, व्हरायटी चौक, पंचशील चौक म्हटलं की ऑटोवाल्याची मान हलते. म्हणून पहिली ओळ चौकाची, दुसरी ओळ तिथली ठळक खूण, म्हणजे शाळा, मंदिर, मंगल कार्यालय, पाण्याची टाकी. तिसऱ्या ओळीत तुमचं नाव आणि फोन. आणि शेवटी एक वाक्य ड्रायव्हरसाठी: 'भाऊ, चौकात आल्यावर या नंबरवर फोन करा, मी घ्यायला येतो.' या एका वाक्याने किती गल्ल्यांतली फिरफिर वाचते ते करून पाहा. फलकांवर 'स्क्वेअर' लिहिलेलं असतं आणि लोक 'चौक' म्हणतात, दोन्ही एकच, हेही पाहुण्याच्या कानावर घाला.

ज्यांचं घर वर्धा रोडच्या आजूबाजूला आहे त्यांनी चिठ्ठीत आणखी दोन शब्द घालावेत: 'पुलाखालून घ्या'. विमानतळाकडून अजनीच्या दिशेने ३.१४ किलोमीटरचा दुमजली पूल आहे. वर मेट्रो, मधे गाड्यांचा पूल, खाली जुना रस्ता. पाहुण्याला तो पाहून नवल वाटतं आणि वाटावंच, पण गाडी एकदा पुलावर चढली की छत्रपती चौक खालीच राहतो आणि घर मागे पडतं. बर्डीला किंवा पुढे जायचं असेल तर उलट पुलावरूनच जावं, सिग्नल वाचतात.

आतली कामं आतच उरकायची

डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ लहान आहे. देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय दोन्हींसाठी एकच इमारत. हरवायला जागा नाही, चालणंही फार नाही. मुंबईच्या अफाट टर्मिनलमधून आलेला पाहुणा इथे दहा मिनिटांत दाराशी येतो आणि उत्साहात बाहेर पडतो.

नेमकं तेच करायचं नाही. आपल्याकडे एकदा दाराबाहेर पडलं की सुरक्षारक्षक परत आत सोडत नाहीत, आणि तिकीट नसलेल्या माणसाला आत जाता येत नाही, म्हणजे तुम्हीही आत जाऊन मदत करू शकत नाही. युरोप-अमेरिकेतल्या माणसाला हे ठाऊक नसतं, तिकडे बाहेर डोकावून परत आत येता येतं. म्हणून स्वच्छतागृह, पाण्याची बाटली भरणं, पैसे काढणं, फोन चार्ज करणं, तुम्हाला निरोप पाठवणं, हे सगळं काचेच्या दाराच्या आत.

पैशांचं सांगतो. परदेशी प्रवासी उतरतो तेव्हा त्याच्या खिशात बहुधा एक रुपयाही नसतो. मुंबई-दिल्लीमार्गे येत असेल तर तिथेच एटीएममधून काढायला सांगा, तिथे पर्याय जास्त आहेत. पहाटे थेट नागपूरला येत असेल तर पैसे मिळतील या भरवशावर सोडू नका. पुढे सांगितलेल्या पद्धतीने गाडी तुम्हीच ठरवा आणि भाडं तुम्हीच द्या, हिशोब नंतर होतो.

फोनचंही तसंच. विमानतळावरच्या वाय-फायला बऱ्याचदा ओटीपी लागतो आणि परदेशी नंबरवर तो वेळेत येईलच असं नाही. इथलं सिम घ्यायचं तर पासपोर्ट, व्हिसा, फोटो द्यावे लागतात आणि सुरू व्हायला वेळ जातो, ते काम दुसऱ्या दिवशी शहरात करावं. निघण्याआधीच प्रवासी ई-सिम घेऊन आला तर उत्तम. फक्त लक्षात ठेवा, अशा सिमवर बहुधा नुसता डेटा असतो. तुमच्याशी तो व्हॉट्सॲपवर बोलेल, पण ड्रायव्हरचा साधा फोन त्याला लागणार नाही.

रात्री किंवा पहाटे उतरला तर

आखाताची विमानं साधारणपणे मध्यरात्रीनंतर, पहाटेच्या आत येतात. या शहराला रात्रीच्या विमानांची जुनी सवय आहे. १९४९ मध्ये रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री सोनेगावलाच एकत्र येत. टपालाच्या थैल्या आणि उतारू एका विमानातून दुसऱ्यात जात आणि विमानं पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. देशाच्या मध्यावर असण्याचा हा फायदा. तेव्हाचे उतारू मात्र शहरात येतच नसत. आपल्याला पाहुण्याला आणायचं आहे.

या वेळी मेट्रो बंद असते. ती सकाळी सहाच्या सुमारास सुरू होते आणि रात्री दहाच्या सुमारास थांबते. मग उरतात विमानतळावरची प्रीपेड टॅक्सी, ॲपवरची कॅब, किंवा हॉटेलची गाडी. हॉटेलात उतरणार असेल तर हॉटेललाच गाडी पाठवायला सांगावं. भाडं थोडं जास्त पडतं, पण नावाची पाटी घेऊन कुणीतरी दाराशी उभं असणं पहाटे साडेतीनला फार मोलाचं असतं.

घरी येणार असेल तर मी करतो ते असं. कॅब मी माझ्या फोनवरून मागवतो, पाहुण्याच्या नव्हे. पाहुण्याच्या फोनवरून मागवली की ड्रायव्हर त्याला फोन करून 'किधर खडे हो?' विचारतो, तो फोन लागत नाही किंवा लागला तर समजत नाही, आणि गाडी रद्द होते. माझ्या फोनवरून मागवली की ड्रायव्हर माझ्याशी बोलतो. क्रम असा:

पाहुणा बॅग हाती आल्यावर मला 'बॅग मिळाली' एवढा निरोप टाकतो. त्याआधी मी गाडी मागवत नाही, कारण पट्ट्यावर अर्धा तासही जातो.

मी गाडी मागवतो, चढायची जागा 'विमानतळ, आगमन' अशी नीट ठेवतो, आणि ड्रायव्हरला लगेच फोन करून सांगतो की उतारू परदेशी आहे, हिंदी-मराठी येत नाही, अमुक रंगाचा शर्ट आहे, भाडं मी ऑनलाइन देतो.

मग पाहुण्याला चार गोष्टी पाठवतो: गाडीचा रंग, नंबर प्लेटचे शेवटचे चार आकडे, ड्रायव्हरचा फोटो आणि ॲपवर आलेला चार अंकी पिन. नागपूरच्या गाड्यांवर एमएच ३१, एमएच ४९ किंवा ग्रामीणची असेल तर एमएच ४० दिसतं, पण ओळखायचे ते शेवटचे चार आकडे. बरेच पाहुणे गाडीचं मॉडेल ओळखायला बघतात आणि पांढऱ्या गाड्यांच्या रांगेत गोंधळतात.

पिन ड्रायव्हरला फक्त गाडीत बसल्यावर सांगायचा. दाराशी कुणीही येऊन 'टॅक्सी, टॅक्सी' म्हणत बॅगेला हात लावला तर हसून 'नको भाऊ' म्हणायचं आणि चालत राहायचं. हे दोन शब्द मी प्रत्येक पाहुण्याला शिकवतो. मराठीत म्हटलं की समोरचा माणूस खूश होतो आणि मागेही हटतो.

एकटी बाई येत असेल तर गाडीचा प्रवास ॲपवरून तुमच्याकडे शेअर झालेला असावा, तिने मागच्या सीटवर बसावं, आणि अडचण आली तर ११२ हा नंबर आहे हे तिला माहीत असावं. रात्री वर्धा रोड मोकळा असतो, बर्डीपर्यंत वीस मिनिटंही लागत नाहीत. एवढा वेळ मी फोन हातात घेऊन जागा राहतो. तुम्हीही राहा.

हे काहीच जमलं नाही आणि पाहुणा पहाटे पाचला उतरला असेल, तर आतच बसून उजाडू द्यावं आणि मेट्रोने यावं.

दिवसा उतरला तर मेट्रो

सामान एका बॅगेचं असेल तर माझा कौल मेट्रोलाच. नारिंगी मार्गिका विमानतळाच्या बाजूने बर्डीला येते. खापरी ते सीताबर्डी हा भाग ७ मार्च २०१९ ला सुरू झाला आणि डिसेंबर २०२२ मध्ये पहिला टप्पा पूर्ण होऊन ती पार कामठी रोडवरच्या ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत गेली.

मेट्रो टर्मिनलच्या दारातून सुटत नाही, हे आधी सांगून ठेवा. स्टेशन वर्धा रोडच्या अंगाला आहे. अंतर एक-दीड किलोमीटरचं, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत हलकी बॅग असलेला तरुण माणूस आनंदाने चालतो. एप्रिल-मे मध्ये चालू देऊ नका. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात थंड देशातल्या माणसाला पंधरा मिनिटांत भोवळ येते. दारातून स्टेशनपर्यंत ऑटो करावा आणि 'एअरपोर्ट मेट्रो स्टेशन' एवढंच सांगावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या मार्गिकेवर विमानतळाच्या नावाची तीन स्टेशनं आहेत: एअरपोर्ट, एअरपोर्ट साउथ आणि न्यू एअरपोर्ट. आपल्या टर्मिनलचं स्टेशन म्हणजे नुसतं 'एअरपोर्ट'. 'न्यू' ऐकलं की परदेशी माणसाला वाटतं, नवं टर्मिनल तिथे असेल. आमची एक पाहुणी परतताना असंच समजून न्यू एअरपोर्टला उतरली आणि बॅग ओढत रस्त्यावर उभी राहिली. तिथून मला फोन आला तेव्हा विमानाला दीड तास होता. पोचली, पण धावतपळत.

खिडकीवर 'सीताबर्डी' म्हटलं की क्यूआर छापलेलं कागदी तिकीट मिळतं. भाडं पन्नास रुपयांच्या आत आहे. तिकीट फेकू नये, बाहेर पडताना तेच दाखवून फाटक उघडतं. बॅग यंत्रातून जाते, माणसाची तपासणी होते, यात घाबरण्यासारखं काही नाही. परदेशी माणसाला मेट्रोत तपासणीची सवय नसते म्हणून सांगावं लागतं.

फलाट बघताना दिशा ऑटोमोटिव्ह चौकाची. खापरीची गाडी उलटी जाते. एअरपोर्टनंतर उज्ज्वल नगर, जयप्रकाश नगर, छत्रपती चौक, अजनी चौक, रहाटे कॉलनी, काँग्रेस नगर आणि सातवं सीताबर्डी. साधारण वीस मिनिटं. मी पाहुण्याला सांगतो, नावं लक्षात ठेवू नको, बोटं मोज, सातव्या बोटाला उतर. खिडकीची जागा मिळाली तर शहर वरून दिसतं, झाडं, गच्च्या, गच्चीवर वाळणारे कपडे. टॅक्सीतून नागपूर असं दिसत नाही.

सीताबर्डी हे मुंजे चौकातलं मोठं स्टेशन. इथे पूर्व-पश्चिम जाणारी दुसरी मार्गिका मिळते. मजला बदलावा लागतो, पण फाटकाबाहेर जायचं नाही, एकाच तिकिटावर पुढे जाता येतं. शंकरनगर, धरमपेठ, सुभाषनगरकडे जायचं असेल तर लोकमान्य नगरची गाडी. रेल्वे स्टेशन हवं असेल तर प्रजापती नगरची गाडी, कॉटन मार्केटनंतरचं स्टेशन. रेल्वे स्टेशनला दोन बाजू आहेत, पश्चिमेची मुख्य इमारत आणि पूर्वेची संत्रा मार्केटची बाजू. कुणाला भेटायचं ठरवत असाल तर बाजूचं नाव घेऊनच ठरवा.

दीक्षाभूमीला जाणाऱ्यांनी बर्डीपर्यंत येण्याची गरज नाही. थायलंड, जपान, श्रीलंकेचे भिक्खू आणि उपासक सरळ तिथेच जाऊ इच्छितात. त्यांनी रहाटे कॉलनीला उतरून ऑटो करावा, पाच मिनिटांचं काम आहे. कामठीच्या ड्रॅगन पॅलेस या बौद्ध मंदिराला जायचं असेल तर शेवटपर्यंत, ऑटोमोटिव्ह चौकाला उतरून तिथून कॅब.

ऑटो आणि बस

ऑटो मीटरने जाईल असं धरून चालू नका. भाडं आधी ठरवावं. त्याची सोपी युक्ती म्हणजे ॲपवर त्याच अंतराचं भाडं बघून ठेवायचं आणि त्याच्या आसपास बोलायचं. आकडा कागदावर किंवा फोनवर लिहून दाखवला की भाषेची अडचण राहत नाही. 'फोर्टीन' आणि 'फोर्टी' यातून झालेली वादावादी मी ऐकली आहे. एक सांगतो, चिठ्ठी दाखवली की आपले ऑटोवाले मनापासून मदत करतात. चौकात थांबून यजमानाला स्वतःच्या फोनवरून फोन लावून देणारे कितीतरी पाहिलेत.

वर्धा रोडवरून शहराची 'आपली बस' सेवा जाते, पण पहिल्याच दिवशी बॅगा घेऊन त्यात चढू नये.

जे शहरात येणारच नाहीत

ताडोबा आणि सेवाग्रामला जाणाऱ्यांनी बर्डीला येण्यात तास फुकट घालवू नये. विमानतळ शहराच्या दक्षिणेला आहे आणि त्यांचा रस्ताही दक्षिणेलाच, बुटीबोरीकडून जातो. गाडी विमानतळावरच बोलवावी. सेवाग्राम साधारण ७५ किलोमीटर. ताडोब्याचं मात्र नुसतं 'ताडोबा' म्हणून चालत नाही, दार विचारा. मोहर्लीला चंद्रपूरच्या बाजूने जावं लागतं, कोलाऱ्याला चिमूरच्या बाजूने. चुकीच्या दाराला पोचलेल्या पाहुण्याची दुसऱ्या दिवशीची सकाळची सफारी गेलीच समजा. रिसॉर्टच्या पत्त्यात दाराचं नाव शोधा आणि ड्रायव्हरला तेच सांगा. पेंचचं उलट आहे. ते उत्तरेला, म्हणजे शहर ओलांडून किंवा बाहेरच्या वळणरस्त्याने.

तारीख बघून घ्या

दसऱ्याच्या आसपास, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथे दीक्षा घेतली तेव्हापासूनचा हा ओघ आहे. रहाटे कॉलनी, लक्ष्मीनगर भागातली वाहतूक वळवलेली असते. या दिवसांत पाहुण्याला गाडीत बसवू नका, मेट्रोने आणा, आणि जमलं तर त्याला तो सोहळा दाखवा, कारण असा दिवस त्याला दुसरीकडे कुठे बघायला मिळणार नाही. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असतं तेव्हा हॉटेलं भरलेली आणि विधानभवनाकडचे रस्ते बंद. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक, तेव्हा इतवारी-महालात गाडी शिरत नाही.

पोचल्यावर

पाणी द्या, आंघोळीची सोय दाखवा, झोपू द्या. पहिल्याच सकाळी तर्री पोहे खायला नेण्याचा मोह मलाही होतो, पण त्याला आधी कोरडे पोहे द्या, तर्री दुसऱ्या दिवशी.

एक काम मात्र त्याच दिवशी. परदेशी नागरिक तुमच्या घरी मुक्कामाला असेल तर २४ तासांच्या आत त्याची नोंद परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर करावी लागते. आजवर आपण याला 'फॉर्म सी' म्हणत आलो. हॉटेलवाले ते आपोआप करतात, घरगुती यजमानांना बहुतेक माहीतच नसतं, आणि जबाबदारी त्यांचीच असते. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानाचे फोटो आल्या आल्या काढून ठेवा.

परतताना

परतीच्या वेळी आपण बहुधा सोडायला जातोच. नाही जमलं, तर एवढं सांगा: मेट्रोत स्टेशन नुसतं 'एअरपोर्ट', 'न्यू' नाही आणि 'साउथ' नाही. बर्डीहून खापरीच्या दिशेची गाडी. आंतरराष्ट्रीय विमानाला तीन तास आधी, देशांतर्गतला दोन. दारावर पासपोर्ट आणि तिकीट दोन्ही दाखवावे लागतात, तिकिटाची छापील प्रत हातात असली तर बरं. पहाटेचं विमान असेल तर मेट्रोच्या शेवटच्या गाडीवर विसंबू नये, गाडी आदल्या संध्याकाळीच ठरवावी. आणि संत्री द्यायची असतील तर ती त्याच्या देशात नेऊ देतात का ते आधी विचारून घ्या. बऱ्याच देशांत ताजी फळं नेता येत नाहीत, त्यापेक्षा संत्रा बर्फीचा डबा द्या, बॅगेत नीट बसतो.